बोंडअळी का मरत नाही? उत्तर प्रथिनाच्या घडीत

यवतमाळ जिल्ह्यात बीटी कापसाच्या बोंडात गुलाबी अळी सापडली की पहिला संशय बियाण्यावर जातो. बनावट बियाणं बाजारात येतं, हे खरंच आहे. पण अस्सल बियाण्याच्या झाडावरही ही अळी जगते आणि त्या झाडात बीटी प्रथिन तयारही होत असतं. मग बिघडतं कुठे, हे कळायला प्रथिनाची घडी समजून घ्यावी लागते. क्राय१एसी हे बीटी प्रथिन म्हणजे आधी ११७८ अमिनो आम्लांची साखळी. ही प्राथमिक रचना. साखळीचे काही भाग मळसूत्री पीळ घेतात, काही पट्ट्या होऊन शेजारी बसतात, ही दुय्यम. पीळ आणि पट्ट्या दुमडून विषारी भागात तीन खंड बनतात, ही तृतीयक. पहिल्या खंडातले सात पीळ आतड्याच्या पेशीत घुसण्यासाठी, तर उरलेले दोन खंड मुख्यतः पेशीवरचं ग्राहक प्रथिन ओळखण्यासाठी. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात पाचकरस या प्रथिनाचा जवळजवळ निम्मा भाग छाटतो, उरलेला भाग कॅडहेरिन या ग्राहकाला चिकटतो आणि असे अनेक रेणू एकत्र येऊन पेशीला छिद्र पाडतात. ही चतुर्थक रचना, आणि अळी मरते ती तिच्यामुळे. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि हे ग्राहक नसतात, म्हणून ही प्रक्रिया आपल्यात पुरी होत नाही.

भारतातल्या प्रतिकारक्षम गुलाबी अळीत बदललं ते कॅडहेरिन. त्याचा जनुकसंदेश चुकीचा जोडला जातो, ग्राहक अपुरा बनतो आणि विषाला बसायला जागाच उरत नाही. यावर कुणी म्हणेल, मग दुसरं प्रथिन घाला. २००६ साली बोलगार्ड-२ या बीटी कापसात क्राय२एबी हे दुसरं प्रथिन घातलंच होतं. त्याच्याशी संबंधित वेगळं प्रथिनही अळीत तसंच बिघडलं. तिसरं घातलं तरी विषातून तगणाऱ्या अळ्यांच्या निवडीचा दाब तोच राहील. शिवाय आपलं बियाणं संकरित, त्यामुळे एकाच बोंडातल्या सुमारे पाव सरक्यांत क्राय१एसी नसतंच आणि सुमारे पाव सरक्यांत क्राय२एबी नसतं; कोवळ्या अळीला तिथे अर्धवट विषाचा सराव होतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यामुळे हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मानता येत नाही. ओलिताच्या शेतकऱ्याला फरदडीचे, म्हणजे हंगामानंतरही पीक राखून घेतलेल्या कापसाचे, चार पैसे सोडवत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण ही अळी जवळजवळ कापसावरच जगते. जानेवारीनंतर शेतात पीक उभं राहिलं की बदललेल्या ग्राहकाची अळी पुढच्या हंगामापर्यंत तगून राहते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली तर अळीच्या पिढ्यांची साखळी तिथे तुटते, आणि त्यासाठी नवं प्रथिन लागत नाही.