वारा वाढला, शीड आवरा

उन्हाळ्यात मुंबई बंदरात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. सकाळी मरगळून पडलेली होडी तीन-चारच्या सुमारास सुसाट निघते. नवशिक्या खूश होतो आणि शीड आणखी ताणतो. होडी मात्र कलंडते, मंदावते आणि सुकाणूला जुमानेनाशी होते.

दुप्पट वारा, चौपट जोर

शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉटचा झाला की जोर चौपट होतो. त्यातला काही भाग होडीला पुढे नेतो, बाकीचा तिला आडवी करतो. होडी फार कलली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आपोआप वाऱ्याकडे वळू पाहते. मग सुकाणूचा दांडा आपल्याकडे ओढून धरावा लागतो, आणि असं तिरकं धरलेलं सुकाणू पाण्यात ब्रेकचं काम करतं.

म्हणून दांड्यावरची ओढ हेच खरं मापक. दोन बोटांनी होडी सरळ राहत असेल तर ठीक. दोन्ही हात लागत असतील तर शिडात जोर जास्त झाला आहे, सुकाणूला बोल लावून उपयोग नाही.

आधी फुगवटा काढा

मंद वाऱ्यात शिडाला पोट हवं, जोराच्या वाऱ्यात ते सपाट हवं. आउटहॉलचा दोर ओढला की शिडाची खालची कड बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, ताणली जाते. कनिंगहॅमचा दोर पुढची कड खाली खेचतो, त्यामुळे मागे सरकलेला फुगवटा पुन्हा पुढे येतो. व्हँग बूमला वर उठू देत नाही. मोठ्या बोटीवर बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीचा मागचा ताण, आवळला की डोलकाठी किंचित वाकते, मोठं शीड सपाट होतं आणि पुढचं लहान शीड, म्हणजे जिबही, ताठ राहतं.

भारताचा नौकानयनपटू विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या आयएलसीए ७ होडीवर उतरला, तिच्यावर माणूस एक आणि शीडही एकच, सुमारे ७ चौरस मीटरचं. शर्यतीत ते लहान करता येत नाही. त्यामुळे खेळाडूची मदार अशा दोरांवर, हातातल्या शीटवर (शीड ओढायच्या-सोडायच्या दोरावर) आणि काठाबाहेर झोकून दिलेल्या स्वतःच्या वजनावर असते.

झोत आला की

झोत येण्याआधी दिसतो. पाण्यावर काळपट, सुरकुतलेला पट्टा सरकत येतो. तो होडीला भिडण्याच्या क्षणीच शीट थोडी सोडायची. शीट सैल झाली की शिडाचं वरचं टोक उघडतं आणि तिथला वारा निसटतो. होडीला आडवी पाडण्यात याच टोकाचा हात सर्वांत मोठा, कारण तिथे तरफ लांब असते. ट्रॅव्हलर, म्हणजे शीटचा आडवा सरकता आधार, असेल तर तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सोडावा. वाऱ्यासमोर चढत असाल तर नाळ जरा वाऱ्याकडे नेली तरी चालते. झोत सरला की सगळं पुन्हा ओढून घ्यायचं. लहान होडीत शीट क्लीटमध्ये अडकवून निवांत बसणं हा मात्र उलटण्याचा हमखास मार्ग.

रीफ

एवढ्यानेही भागत नसेल तर मोठ्या बोटीवर शीडच लहान करायचं, म्हणजे रीफ करायचा. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, सैल करून शीड थोडं उतरवायचं, पुढचा कोपरा आकड्यात अडकवायचा, हॅलयार्ड पुन्हा ताठ करायचा आणि मागचा कोपरा रीफच्या दोराने बूमपाशी खेचायचा. त्याचबरोबर जिबही कमी करावं, नाहीतर होडीचा तोल बिघडतो.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्या माणसाला रीफ करण्याचं काम रात्री, ओल्या, हेलकावणाऱ्या डेकवरही करावं लागतं. रीफ करावा का, असा प्रश्न मनात आला की तो करायची वेळ झालेलीच असते, असं जाणते खलाशी म्हणतात ते उगाच नाही.

पाठीवरचा वारा

वारा येईल तशी पाठ द्यावी, ही म्हण जमिनीवरच्यांनी केली असावी. मागून २० नॉटचा वारा असताना होडी ७ नॉटने पळाली, तर अंगाला १३ नॉटच जाणवतात. सगळं छान वाटतं आणि शीड कमी करायचं राहून जातं. अशात नाळ चुकून थोडी जास्त वळली की वारा शिडाच्या मागून शिरतो आणि बूम डेकवरून सपकन पलीकडे जातो. वाटेत डोकं असेल तर जिवावर बेततं. म्हणून वारा अगदी पाठीवर न घेता थोडा बाजूने घ्यावा आणि बूमचं टोक दोराने पुढे बांधून ठेवावं. बाजू बदलताना हा दोर सोडून बूम आधी मध्यावर ओढून घ्यावा आणि मगच वळावं. भरवसा वाटत नसेल तर वाऱ्याकडून लांबचा फेरा घेऊन वळावं, त्यात कमीपणा काही नाही.

दम घ्यायचा असेल तर

होडी भर पाण्यात थोपवून धरण्याला हीव्ह-टू म्हणतात. ते करताना जिबची शीट न सोडता होडी वाऱ्याच्या पलीकडे वळवतात. जिब उलट्या बाजूने फुगून नाळ वाऱ्यापासून ढकलतं. मोठं शीड सैल सोडून दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधला की सुकाणू तिला वाऱ्याकडे वळवतं. या ओढाताणीत ती जवळपास थांबते. रीफ बांधायला, पोटात काही ढकलायला उसंत मिळते.

फुटणाऱ्या महाकाय लाटांपुढे मात्र शिडांचे हे उपाय अपुरे पडतात. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात खलाशी अभिलाष टॉमी यांच्या ‘तुरीया’ या होडीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. शिवाय हीव्ह-टू केलेली होडी हळूहळू वाऱ्याबरोबर वाहत जाते. त्या बाजूला किनारा किंवा खडक जवळ असतील तर हा उपाय करू नये.