'वर्ण' नावाचा रकाना

दिवाळीनंतर एका जमिनीच्या दाव्याचे कागद पाहण्यासाठी तिकोणा पेठेला गेले होते. काम आटोपल्यावर घरच्या बाबांनी बौद्ध वधू-वर मेळाव्याचा अर्ज पुढे केला. "वकीलताई, पोरीचा आहे. एकदा नजर घाला." धर्म बौद्ध, शिक्षण बी.कॉम. त्याखाली छापील रकाना होता, 'वर्ण'. पुढे लिहिले होते, 'गोरा'.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. चांगली सावळी. अर्जावरच्या फोटोत मात्र स्टुडिओवाल्याने तिला पिठासारखी पांढरी करून टाकलेली. विचारले तर मान खाली घालून म्हणाली, "यंदा भातकापणीला गेलेच नाही ताई. उन्हाने आणखी काळी पडते." मावळातल्या शेतकऱ्याची लेक ऐन कापणीत घरात दडून बसते, हे ऐकून चहा गोड लागला नाही.

मी त्या रकान्यापाशीच अडकले. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी मनुस्मृती जाळली, ती ज्या शब्दावर उभी होती, तोच शब्द आपल्याच मेळाव्याच्या अर्जावर! कोणी म्हणेल, इथे वर्ण म्हणजे नुसता रंग. पण या देशात हे दोन अर्थ वेगळे कधी होते? 'काळा ब्राह्मण, गोरा शूद्र' यांच्यावर भरवसा ठेवू नये, असे सांगणारी म्हण मराठीतच आहे. म्हणजे गोरेपणा त्यांच्या सातबाऱ्यावर आणि काळेपणा आमच्या! ब्राह्मण तेवढे गोरे, बाकीचे काळे, हाच दावा घेऊन सोळा वर्षांचा अस्सलायन श्रावस्तीला भगवान बुद्धांपुढे आला होता. चंदनाच्या लाकडाचा अग्नी तेवढा उजेड देतो आणि एरंडाच्या लाकडाचा देत नाही काय, असे बुद्धांनी विचारले आणि पोरगा निरुत्तर झाला. बाबासाहेबांनी तर 1948 च्या 'दि अनटचेबल्स' ग्रंथात नाकाच्या मापांचे आकडे मांडून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवले.

हाच जुना माल बाजाराने ट्यूबमध्ये भरून विकला. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली आली. मुलगा नाही म्हणून हळहळणारा बाप, क्रीम लावून हवाईसुंदरी झालेली सावळी मुलगी, ही तिची जाहिरात अनेकांना आठवत असेल. जनवादी महिला संघटनेच्या तक्रारींनंतर ती 2003 साली मागे घेतली गेली. त्याच सुमारास मलाही 'बघायला' लोक येत होते. एका पाहुण्याने माझी सनद बाजूला सारून आईला विचारले होते, "मुलगी लहानपणापासून अशीच का?" 2020 साली क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. आत बदल झाला म्हणता? मला तरी दिसत नाही.

कायद्याचे सांगायचे तर, पुरुषांच्या 'फेअर अँड हँडसम'विरुद्ध 2013 साली दिल्लीत ग्राहक तक्रार झाली. डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाने कंपनीला सुमारे 15 लाखांचा दणका दिला. निकाल चांगलाच. पण तक्रार होती क्रीमने गोरे केले नाही, ही. गोरे व्हायचेच कशाला, हा प्रश्न ग्राहक कायद्यात बसत नाही. वकील म्हणून हे मला टोचते.

आणि हा केवळ मनाचा प्रश्न नाही. अकोल्यातील एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण यांची मूत्रपिंडे उजळपणाच्या क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पाऱ्याचे मोठे प्रमाण सापडले. जानेवारी 2023 मध्ये ही बातमी आली. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पारा वापरायला बंदी आहे. नकळत राहिलेला अंशही साधारणपणे दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण गल्लीतल्या पार्लरमधली बिनलेबलाची डबी कोण तपासतो? मुलीच्या खिडकीत तशीच एक डबी होती. ती मी मागून घेतली.

अर्जावरचे 'गोरा' आम्ही खोडले. बाबा कुरकुरले, "मोकळं दिसलं तर लोक म्हणतील, पोरगी काळी आहे."

"आहेच की," मुलगी म्हणाली.

हा रकाना काढून टाका, असे पत्र मी मेळाव्याच्या आयोजकांना दिले आहे. जयभीम घालून त्यांनी कळवले, यंदाचे अर्ज छापून झालेत, पुढच्या वर्षी बघू.