काळ्या वाळूतील धातू आणि स्पंदित वीज

रत्नागिरीस मांडवीच्या किनाऱ्यावर फिरावयास येणारा एखादा चौकस गृहस्थ लोहचुंबक वाळूत फिरवून त्यास चिकटलेले काळे कण दाखवितो व हेच टायटॅनियम असे निक्षून सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे निम्मेच खरे असते. कारण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून समुद्रास मिळालेल्या या वाळूत इल्मेनाइट हे लोह व टायटॅनियम यांचे खनिज असते खरे, परंतु घरगुती चुंबकास धावून चिकटते ते मुख्यत्वेकरून मॅग्नेटाइट. त्याहून मोठा गैरसमज असा की, या वाळूतून वीज सोडली म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइडच्या त्या बहुचर्चित सूक्ष्म नलिका तयार होतात. वस्तुतः त्यांस धातूचा पत्रा लागतो, आणि वाळूपासून पत्र्यापर्यंतची वाट क्लोरिन व वितळलेले मॅग्नेशियम यांच्या भट्ट्यांमधून जाते.

पत्रा हाती आला की पुढील विधी आपल्या स्वयंपाकघरातील ‘अ‍ॅनोडाइज्ड’ कढईच्याच कुळातला : पत्रा धनाग्रास जोडावयाचा, समोर प्लॅटिनमचे ऋणाग्र ठेवावयाचे, आणि दोन्ही थोडे पाणी व किंचित अमोनियम फ्लुओराइड घातलेल्या एथिलिन ग्लायकॉलमध्ये बुडवावयाची. मुलामा चढावा किंवा गवत उगवावे तशा नलिका पत्र्यावर वर वर वाढतात, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. आमच्याकडील जांभ्याची चिरेखाण पाहिलेल्यास मात्र खरा प्रकार चटकन् उमगेल. खाण वाढते म्हणजे खाली जाते. नलिकेच्या तळाशी विद्युत्क्षेत्राच्या जोरावर धातूचे ऑक्साइड होत असते आणि त्याच ऑक्साइडला फ्लुओराइड विरघळवीत असते. या जमाखर्चाचा मेळ बसेल तोवर तळ धातूत उतरत जातो. विद्युद्दाब वाढविला की नलिका लांब होते, हेही ढोबळ विधान. दाबावर प्रामुख्याने व्यास ठरतो, तर लांबीच्या हिशेबात वेळ आणि द्रावणाची विरघळविण्याची शक्ती यांचा वाटा मोठा असतो.

आता स्पंदित विजेविषयी. स्पंद म्हणजे नुसती दिव्याची उघडझाप, आणि मधल्या विश्रांतीत काहीच घडत नाही, असे मानणाऱ्यांनी मूळ मुद्दाच दृष्टीआड केला, असे मला वाटते. दाब एकाएकी उतरविला की धारा जवळजवळ शून्यावर येते, कारण तळाचा ऑक्साइडचा पडदा वरच्या दाबाच्या मानाने जाड झालेला असतो. परंतु फ्लुओराइडचे काम तहकूब होत नाही. ते पडदा झिजवीत राहते, साचलेली उष्णता निघून जाते, ताजे आयन तळापर्यंत पोचतात, आणि पडदा पुरेसा पातळ झाल्यावरच कमी दाबाची, अरुंद अशी वाढ सुरू होते. म्हणून विराम फार आखूड असेल तर नलिकेवर त्याची खूणही उमटत नाही. पुरेसा लांब असेल तर तिच्या अंगावर कडे उठते. जर्मनीत एर्लांगेन येथे पाट्रिक श्मुकी यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली १२० व ४० व्होल्टांचा दाब आळीपाळीने देऊन बांबूच्या पेरांप्रमाणे गाठी असलेल्या नलिका प्रसिद्ध केल्या. वरच्या दाबाची मुदत बदलली की दोन गाठींमधील अंतर बदलते. स्पंदांनी वाढ नेहमी जलद होते, असे मात्र समजू नये. विरामाचा काळ एकूण वेळात जमेस धरावाच लागतो.

द्रावणातून काढलेली नलिका लगेच कामास येते, हाही भ्रमच. ती त्या वेळी अस्फटिकी असते. साधारण ४५० अंश सेल्सिअसला तापविल्यावर तीस अ‍ॅनाटेज हे स्फटिकरूप येते. त्यानंतरही कोकणातल्या भर उन्हातील फार थोडा भाग तिच्या उपयोगी पडतो, कारण अ‍ॅनाटेजला लागणारी ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा फक्त जंबुपार किरणांत असते. म्हणूनच सौरघटात तीस रंगद्रव्याचा लेप देऊन दृश्य प्रकाश पकडतात, आणि गाठींच्या नलिकेस पृष्ठभाग अधिक असल्यामुळे तिच्यावर तो रंगही अधिक बसतो.