जिताड्याचे बी आणि त्याची विद्या

माझ्या लहानपणी आमच्या घरात कोणी जिताड्याचे बी विकत आणायची भाषा केली असती, तर हशा पिकला असता. पेण-अलिबागचा आमचा खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीचा मुलूख. पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याबरोबर उघाडीच्या तोंडाशी जिताड्याची बोटभर पिल्ले येत. वडील आणि काका ती बारीक जाळीने धरत आणि घागरीतून आणून घरामागच्या तळ्यात सोडत. पुढे दोन वर्षे त्यांच्याकडे कोणी फारसे बघत नसे. तळ्यातली कोळंबी, चिंबोऱ्यांची पिल्ले, लहानसहान मासळी खाऊन ती वाढत. घरात कार्य निघाले की तीन-चार किलोचा एखादा बाहेर निघे. अडलेले सरकारी काम जिताड्याने सुटते, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात.

हळूहळू खाडीतले बी कमी झाले. दहा-बारा वर्षांपूर्वी तर अख्ख्या पावसाळ्यात काकांच्या जाळीत नऊ पिल्ले आली. तेव्हा मी एका विक्रेत्याकडून हॅचरीचे, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातले, एक हजार नग घेतले. प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून आलेली ती पिल्ले नखाएवढी होती. वडिलांच्या पद्धतीप्रमाणे मी ती सरळ तळ्यात सोडली. आठ महिन्यांनी पाणी उपसले, तेव्हा एकसष्ट मासे निघाले. विक्रेता म्हणाला, ‘तुमचे पाणी खराब असेल.’ काका पाण्याकडे बघत म्हणाले, ‘पाणी तेच आहे रे. आपल्याला या बियाची रीत ठाऊक नाही.’

ती रीत शोधता शोधता मी या विषयात ओढला गेलो. मी मत्स्यशास्त्र शिकलेलो नाही. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी कारकुनाची. पण जुने अहवाल, प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि चेन्नईची एक खेप यांतून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी माशाविषयी. जिताडा गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे, नदीमुखाशी जातो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरतीच्या सोबतीने हे घडते. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. म्हणून सगळे मोठे मासे पकडले, की खाडीत उरतात ते मुख्यत्वे नर. तिसरी गोष्ट माझ्या तळ्याला भोवली. जिताड्याची पिल्ले एकमेकांना खातात. आपल्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश लांबीचे भावंड पिल्लू सहज गिळते. खाडीत लपायला जागा असते, वाढ पुढे-मागे झालेली पिल्ले पांगतात. एकाच वेळी जन्मलेली हजार पिल्ले एका तळ्यात कोंडली, की जे चार दिवस पुढे वाढते ते बाकीच्यांना खाऊन आणखी पुढे जाते. माझ्याकडचे एकसष्ट मासे उरलेल्या भावंडांवरच पोसले गेले असावेत.

यावरचा उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. पिल्ले आधी तळ्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे ‘हाप्या’त ठेवायची. दर पाच-सात दिवसांनी भोके पाडलेल्या टोपल्यांतून ती चाळायची, लहान-मोठी वेगळी करायची आणि वेगवेगळ्या हाप्यांत टाकायची. चार बोटे लांब झाली की मगच मोकळ्या तळ्यात सोडायची. धान्य चाळण्यासारखेच हे काम आहे, पण पाण्याखाली आणि हलक्या हाताने करायचे. पिल्लाला ओरखडा गेला तरी ते दगावते.

ही चाळणी आली कुठून, याचा माग काढताना मी थायलंडपर्यंत पोहोचलो. गोव्यातला चोणक, बंगालमधली भेटकी, तमिळनाडूतला कोडुवा, मलेशियातला सियाकाप, फिलिपिन्समधला आपाहाप, ऑस्ट्रेलियातला बारामंडी ही सगळी मंडळी जिताड्याच्याच गोतातली. थायलंडमध्ये त्याला ‘प्ला कापोंग खाओ’ म्हणतात. तिथल्या सोंगख्ला इथल्या केंद्रात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या माशाचे कृत्रिम प्रजनन साधले. ही विद्या तिथेच राहिली नाही, याचे श्रेय त्या काळात आशियात उभ्या राहिलेल्या दोन व्यवस्थांना जाते.

पहिली आग्नेय आशिया मत्स्यविकास केंद्र, म्हणजे ‘सीफडेक’. १९६७ साली जपान आणि आग्नेय आशियातील देशांनी ते स्थापले. त्याचा प्रशिक्षण विभाग बँकॉकजवळ सामुत प्राकान इथे आहे आणि मत्स्यसंवर्धनाचा विभाग १९७३ पासून फिलिपिन्सच्या पनाय बेटावर तिगबाउआन इथे. दुसरी ‘नाका’ या नावाने ओळखली जाणारी आशिया-प्रशांत मत्स्यसंवर्धन केंद्रांची साखळी. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून ती सुरू झाली आणि १९९० मध्ये सदस्य देशांची स्वतंत्र संस्था बनली. तिची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक देशाने सगळे शोधत बसण्यापेक्षा ज्याला जे येते ते त्याने इतरांना शिकवावे. म्हणून चीनच्या वूशीकडे शेती, जनावरे आणि मासे यांची एकत्रित पद्धत आली, भारताच्या भुवनेश्वरकडे रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांचे काम, थायलंडकडे गोड्या पाण्यातले इतर मासे आणि तिगबाउआनकडे निमखाऱ्या पाण्यातले.

भारत सीफडेकचा सदस्य नाही. तरीही या देवघेवीत आपला हात सुरुवातीपासून आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. १० जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात, तो त्यासाठीच. हेच चौधुरी १९७०च्या दशकात तिगबाउआनला होते. तिथे दुधमाशाची अंडी कृत्रिमरीत्या फळवण्याच्या कामात त्यांचा वाटा आहे. फिलिपिन्समध्ये या माशाचे बी किनाऱ्यावर बारीक जाळीने गोळा करत, आणि त्याच्याबरोबर आलेली इतर असंख्य पिल्ले फुकट मरत. आमच्या उघाडीवरही तेच होई. घागरीत जिताडा जाई, जाळीतला उरलेला जीव बांधावर सुके. बी केंद्रात तयार झाले, तर ही नासाडी थांबते. मत्स्यबीज केंद्राचे समर्थन करायला मला एवढे कारण पुरे आहे.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर नाका आणि सीफडेक यांच्या सहकार्यातून या माशाच्या संवर्धनावर एक लहानशी प्रशिक्षण पुस्तिका निघाली. तिचा मुख्य लेखक थायलंडचा, सहलेखक फिलिपिन्सचे. अंड्यापासून बाजारापर्यंतची सगळी कामे तिच्यात साध्या भाषेत आहेत. चाळणीचे प्रकरणही आहे. माझे तळे रिकामे होण्याच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधी माझा प्रश्न सुटलेला होता.

पण विद्या पसरली की सगळे भलेच होते, असे मानायला इतिहास मोकळीक देत नाही. तिगबाउआनने १९७०च्या दशकात टायगर कोळंबीचे जीवनचक्र बंदिस्त जागेत पूर्ण केले. पुढे आशियाभर कोळंबीची लाट आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तैवानची शेती रोगाने कोसळली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आंध्र आणि तमिळनाडूतली तळी ओस पाडली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला किनाऱ्यावरच्या कोळंबीशेतीला चाप लावावा लागला. फिलिपिन्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साडेचार-पाच लाख हेक्टर कांदळवन होते, ते शतक संपताना सव्वा लाखाच्या आसपास उरले. त्यातले मोठे क्षेत्र मत्स्यतळ्यांनी खाल्ले. हे ठामपणे मांडणाऱ्यांत युर्गेन प्रिमावेरा या शास्त्रज्ञ पुढे होत्या, आणि त्या स्वतः तिगबाउआनच्याच. ज्या संस्थेने कोळंबी वाढवायला शिकवले, तिच्यातल्याच एका बाईंनी तिची किंमत मोजून दाखवली. सहकार्यातून आपली चूक शेजाऱ्याला सांगण्याची सवयही लागायला हवी, असे मला वाटते ते यामुळे.

आंध्रात नेमके हेच घडले. २००० नंतर समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण आणि नाका यांनी पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या मोगलतुरूसारख्या गावांत लहान शेतकऱ्यांचे गट बांधले. एका कालव्यावरच्या सगळ्यांनी मिळून बी निवडायचे, ते तपासून घ्यायचे, एकाच सुमारास सोडायचे, आणि एकाच्या तळ्यात रोग दिसला तर त्याने ते पाणी कालव्यात न सोडता शेजाऱ्यांना आधी कळवायचे. हे गट वाढले आणि २००७ मध्ये त्यांच्यासाठी शाश्वत मत्स्यसंवर्धनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. नवे यंत्र किंवा नवी जात त्यात नव्हती. बँकॉकमध्ये देशादेशांत जे चालते, तेच एका कालव्यावर आणले गेले.

जिताड्याच्या बाबतीत ही शेवटची पायरी आमच्याकडे आली नाही. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये भारतात प्रथम जिताड्याचे बंदिस्त प्रजनन केले आणि पुढे तयार खाद्यही बनवले. तमिळनाडूतल्या तिरुमुल्लैवासलच्या केंद्रातूनही बी निघू लागले. बी विमानाने, ट्रेनने, टेम्पोने आमच्या तालुक्यात पोहोचले. त्याच्याबरोबर चाळणी शिकवणारा माणूस पोहोचला नाही. शेतकरी एकदा बुडतो, ‘हॅचरीचे बी खोटे’ म्हणतो आणि पुन्हा खाडीत बारीक जाळी लावतो. म्हणजे जी नासाडी टाळण्यासाठी तीन-चार देशांनी इतका खटाटोप केला, तीच पुन्हा सुरू होते.

खाद्याचा प्रश्नही तसाच. जिताडा मांसाहारी. एक किलो वाढायला त्याला कित्येक किलो मासळी लागते. ती ट्रॉलरच्या जाळ्यातून आलेली कोवळी मासळी असेल, तर आपण तळ्यात एक मासा वाढवून समुद्रातले अनेक संपवतो. वडिलांच्या तळ्यात जिताडे मोजके होते आणि तळे त्यांना पोसू शकत होते. नवी पद्धत शिकवताना हा जुना हिशेबही शिकवायला हवा.

गेली चार वर्षे आमच्या आळीतली सात घरे एकत्र बी मागवतात. हापे माझ्या तळ्यात बांधतो. दर रविवारी सकाळी सगळे जमून पिल्ले चाळतो. टोपल्या आम्हीच तापलेल्या सळईने भोके पाडून केल्या आहेत. भोकांची मापे त्या पुस्तिकेवरून घेतली. गेल्या खेपेला हजारांतली चारशेच्या वर पिल्ले तळ्यांत सोडण्याजोगी झाली. काका आता पंच्याऐंशीचे आहेत. ते बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि चुकून लहानांत गेलेले मोठे पिल्लू आमच्या आधी त्यांना दिसते. यंदा शेजारच्या गावातले दोघे चाळणी बघायला आले होते. त्यांना एक टोपली देऊन पाठवले.