हजेरीचे साठ चेकबॉक्स आणि एकच क्लिक प्रोसीजर

सुरतेत उधना-लिंबायत भागातील मराठी वर्गांचा पट वर्षभर सारखा राहत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबे कधी गावी परततात, कधी दिवाळीनंतर नवी येतात. म्हणून एक्सेलमध्ये हजेरीचा फॉर्म करताना चेकबॉक्स आधीच मोजून ठेवण्यात अर्थ नाही. फॉर्म उघडताना शीटवर जितकी नावे असतील, तितके चेकबॉक्स मॅक्रोनेच तयार करावेत. 'कंट्रोल्स अ‍ॅड' ही आज्ञा ते काम करते.

अडचण त्यापुढे आहे. क्लिक होणे, अक्षर टाइप होणे अशा घटनांना इव्हेंट म्हणतात. फॉर्मवर हाताने ठेवलेल्या चेकबॉक्ससाठी आपण त्याच्या नावाची क्लिक प्रोसीजर लिहितो. पण जो चेकबॉक्स अजून जन्मालाच आलेला नाही, त्याचे काय? व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये यासाठी कंट्रोल अ‍ॅरेची सोय होती. एक्सेलच्या व्हीबीएमध्ये ती नाही.

उपाय म्हणजे क्लास मॉड्यूल. त्यात 'विथइव्हेंट्स' हा शब्द लावून चेकबॉक्ससाठी एक व्हेरिएबल जाहीर करायचे (साध्या मॉड्यूलमध्ये हा शब्द चालत नाही) आणि त्याची एकच क्लिक प्रोसीजर लिहायची. दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये विद्यार्थ्याच्या ओळीचा क्रमांक ठेवायचा. क्लिक झाली की त्या ओळीत 'ह' किंवा 'गै' लिहिले जाते. जेकार्डवर डिझाइन एकदाच पंच करतात, साड्या मात्र त्यावर कितीही निघतात, तसेच हे.

आता लूप चालवून प्रत्येक नावासाठी नवा चेकबॉक्स आणि त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट तयार करावा, दोघांना जोडावे आणि ऑब्जेक्ट एका कलेक्शनमध्ये ठेवावा.

हे कलेक्शन कुठे जाहीर करता, याकडे फार लक्ष द्या. फॉर्मच्या कोडमध्ये अगदी वर, सर्व प्रोसीजरच्या बाहेर. आत जाहीर केले, तर प्रोसीजर संपताच कलेक्शन आणि त्यातील सगळे ऑब्जेक्ट नाहीसे होतात. चेकबॉक्स मात्र पडद्यावर दिसतच राहतात, टिकही उमटते, एररचा संदेश येत नाही. बाईंना वाटते हजेरी झाली आणि शीटवरची ओळ कोरीच! वर्गात बसलेले मूल कागदावर नसते आणि जेवणाच्या आकड्यातून एक ताट कमी होते. एरर देऊन थांबणारा मॅक्रो यापेक्षा पुष्कळ बरा.

गुणांसाठी टेक्स्टबॉक्स केलेत, तर या पद्धतीने 'चेंज' इव्हेंट मिळतो, पण 'एक्झिट' व 'आफ्टरअपडेट' मिळत नाहीत. त्यामुळे १०० पेक्षा जास्त गुण पडले का, ही तपासणी 'चेंज'मध्ये किंवा सेव्हच्या बटणावर करावी.

फॉर्म नको, चेकबॉक्स थेट शीटवरच हवेत, असे असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. फॉर्म कंट्रोल प्रकारचे चेकबॉक्स घ्यावेत, सर्वांच्या 'ऑनअ‍ॅक्शन'ला एकच मॅक्रो द्यावा आणि कोणता चेकबॉक्स दाबला ते 'अ‍ॅप्लिकेशन कॉलर'ला विचारावे. छोट्या वर्गासाठी मी तरी हेच सुचवीन.

कोणतीही पद्धत घ्या, यादीत एक नवे नाव घालून पाहा. सर्वात शेवटच्या नावावर टिक करा, फॉर्म बंद करा आणि शीटवर त्याच ओळीत 'ह' आला आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.