परत न आलेल्या रुग्णाचे समाधान

मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाला ‘येथील सेवेबद्दल आपण समाधानी आहात काय,’ असे विचारले, तर उत्तर बहुधा होकारार्थीच येते. हे केवळ आपल्याकडचे वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेत १९७९ साली तयार झालेली आठ प्रश्नांची एक प्रश्नावली या कामासाठी जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला एक ते चार गुण, म्हणजे एकूण ८ ते ३२. हे गुण कोठेही मोजले, तरी ते वरच्या टोकाकडे झुकलेले आढळतात. ज्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात पुन्हा जावयाचे आहे, त्यांच्या दालनाबाहेर उभे राहून नाराजी कोण नोंदविणार? शिवाय ज्याची अपेक्षाच अल्प असते, त्याचे समाधानही लवकर होते.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातील उमापूरचे उदाहरण घेऊ. तेथील रुग्णाला मनोविकारतज्ज्ञांना भेटावयाचे तर गेवराईवरून बीडचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागणार. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याही बरेच पलीकडे. रुग्ण एकटा येत नाही, सोबत भाऊ किंवा पत्नी असते. म्हणजे दोघांची मजुरी बुडते, दोघांचे बसभाडे पडते. एवढे करून डॉक्टरांसमोर काही मिनिटे मिळतात आणि त्यातही बोलतात ते नातेवाईकच! ‘आता झोप लागते का?’ हा प्रश्न रुग्णाला, उत्तर मात्र भावाचे. समाधानाचे प्रश्न विचारतानाही हेच घडते आणि नोंद रुग्णाच्या नावावर होते.

या मोजमापातील खरी उणीव याहून मोठी आहे. प्रश्नावली हाती पडते ती आलेल्या रुग्णाच्या. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीनंतर जो फिरकलाच नाही, त्याचे मत कोणत्याही तक्त्यात येत नाही. वास्तविक त्याची अनुपस्थिती हाच सर्वांत स्पष्ट अभिप्राय असतो.

तो का येत नाही, याचे एक कारण औषधांच्या स्वभावात आहे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती, तोंडाला कोरड हे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात रुग्णाच्या वाट्याला औषधाचा तोटाच येतो. हे आधी सांगितलेले असेल, तर तो धीर धरतो. सांगितले नसेल, तर गोळ्या बंद करून मोकळा होतो. यात लागतो तो वेळ, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमका त्याचाच दुष्काळ असतो. रुग्णाचे समाधान भिंतींच्या रंगावर किंवा बाकांच्या संख्येवर फारसे अवलंबून नसते. आपले म्हणणे कोणी ऐकले का आणि औषधाबद्दल नीट सांगितले का, यावर ते ठरते.

दुसरे कारण खास बीडचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलतात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडात जातात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. महिन्याच्या औषधांची पुडी घेऊन निघालेला रुग्ण पुढचे चार-पाच महिने काय करणार? पहाटे ऊसतोडीला उभे राहावयाचे असताना गुंगी आणणारी गोळी तो घेईल काय? द्विध्रुवी विकारावर दिले जाणारे लिथियम तर शरीरातील पाणी कमी झाल्यास रक्तात वाढून घातक ठरू शकते. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला हे समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा. त्याला जिल्हा पातळीवर नेणारा कार्यक्रम १९९६चा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बीडही होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची दूरध्वनी सेवा मिळते. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशात दहापैकी सुमारे आठ मनोरुग्ण उपचाराबाहेर आढळले. (या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवावयास हवे.)

हे चित्र बदलू शकते, याचा पुरावा जवळच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात प्रशिक्षित गावकऱ्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी संवाद साधला. तेव्हा उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातील ‘मानस’ चाचणीचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक नेमल्यावर सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण सावरले. जेथे समुपदेशक नव्हते, तेथे ४२.५ टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशकामुळे काही फरक पडला नाही. तेथील रुग्ण एरवीही तितकेच सावरत होते. ओळखीचा डॉक्टर ऐकून घेतो, हे त्याचे कारण असावे, असे मला वाटते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. सेवेतील उणिवांविषयी तक्रार करण्याचा हक्क तो रुग्णाला देतो. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालय व त्यावरील सरकारी रुग्णालयांत मोफत व सदैव उपलब्ध असावीत, असेही तो सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्र या मर्यादेच्या खाली राहते. खेड्यातल्या माणसाला मात्र तेच सर्वांत जवळचे असते. त्यामुळे दिवाळीपूर्वीच्या भेटीत रुग्ण कोणत्या कारखान्याच्या परिसरात जाणार हे विचारून तेथील रुग्णालयासाठी चिठ्ठी देणे आणि तो परतल्यावर आशा कार्यकर्तीने घरी जाऊन ‘गोळ्या चालू आहेत का, नसल्यास का सोडल्या’ एवढे विचारणे, ही समाधानाची अधिक विश्वासार्ह पाहणी ठरेल. त्याला प्रश्नावलीचीही गरज नाही.