‘शुगर फ्री’ आणि ‘नो अ‍ॅडेड शुगर’ एकच का? डाएटच्या इंग्रजीतले हे शब्द आधी समजून घ्या

घरात कुणाला मधुमेह असेल तर दुकानातून हमखास ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेला ज्यूस आणला जातो. साखर नाही म्हणून तो निर्धास्तपणे प्यायलाही जातो. पण त्या पाकिटावर ‘साखर नाही’ असं लिहिलेलंच नसतं. ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. फळाची मूळ साखर त्यात असतेच आणि ती रक्तातली साखर वाढवते.

वजन कमी करायचं ठरवलं की पाकीट, अ‍ॅप, जिम आणि लॅबचा रिपोर्ट असं सगळीकडे इंग्रजीच भेटतं. त्यातले नेहमीचे शब्द आणि त्यांचे नेमके अर्थ पाहूया.

पाकिटावरचे शब्द

भारतात असे दावे करण्यासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नियम केले आहेत. त्यानुसार :

• शुगर फ्री : १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. मात्र मैदा आणि तूप-तेल कितीही असू शकतं. म्हणजे ‘शुगर फ्री’ बिस्किटानेही वजन वाढू शकतं.

• लो शुगर : घन पदार्थात १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत, तर द्रव पदार्थात १०० मिलीमागे २.५ ग्रॅमपर्यंत साखर.

• लो फॅट : घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत, तर द्रव पदार्थात १०० मिलीमागे १.५ ग्रॅमपर्यंत स्निग्धांश. फॅट कमी केल्यावर चवीसाठी साखर वाढवलेली असू शकते, म्हणून तो आकडाही पाहा.

• मल्टिग्रेन : एकापेक्षा जास्त धान्यं, एवढाच याचा अर्थ. ती अख्खी आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ‘इन्ग्रेडियंट्स’ची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त तो घटक यादीत आधी येतो. पहिलाच शब्द ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा आहे.

• सर्व्हिंग साइझ : सगळ्यात जास्त फसगत इथे होते. समजा, पाकिटावर ‘पर सर्व्ह १२० किलोकॅलरी’ लिहिलंय. एक सर्व्हिंग २५ ग्रॅमचं आणि पाकीट १५० ग्रॅमचं आहे. चहाबरोबर अख्खं पाकीट संपलं तर पोटात १२० नव्हे, ७२० किलोकॅलरी गेल्या.

कॅलरी की किलोकॅलरी?

पाकिटावर ‘एनर्जी’ या शब्दापुढे किलोकॅलरीचा आकडा असतो. बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती हीच. एक ग्रॅम कार्बोहायड्रेट किंवा प्रोटीनमधून साधारण ४, तर एक ग्रॅम फॅटमधून ९ किलोकॅलरी मिळतात. दोन चमचे तेल कमी केल्याने फरक पडतो तो यामुळेच.

‘कॅलरी डेफिसिट’ म्हणजे शरीर जेवढं खर्च करतं त्यापेक्षा कमी खाणं. वजन उतरतं ते या तुटीमुळे. फार मोठी तूट म्हणजे ‘क्रॅश डाएट’. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पुन्हा नेहमीसारखं खायला लागलं की वजन परत येतं.

अ‍ॅप विचारतं ते काय?

कॅलरी मोजणारं अ‍ॅप सुरुवातीला ‘अ‍ॅक्टिव्हिटी लेव्हल’ विचारतं. ‘सेडेन्टरी’ म्हणजे बैठं जीवन. दिवसभर खुर्चीवर काम असेल तर हाच पर्याय. उत्साहात ‘व्हेरी अ‍ॅक्टिव्ह’ निवडलं तर अ‍ॅप रोज जास्त कॅलरी खायला सांगतं आणि महिनाभराने ‘एवढं करूनही काटा हलत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

‘बीएमआय’ म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल तर बीएमआय २५ येतो. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर २५ म्हणजे ‘ओव्हरवेट’ची सुरुवात आणि ३० पासून ‘ओबीस’, म्हणजे लठ्ठ. भारतीयांसाठी मात्र डॉक्टर २३ पासून ओव्हरवेट आणि २५ पासून ओबीस धरतात, कारण आपल्यात कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यामुळे अ‍ॅप आणि डॉक्टर यांची उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका.

जिममधली भाषा

• रेप आणि सेट : एक व्यायामप्रकार एकदा पूर्ण केला की एक रेप. न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट. ‘थ्री सेट्स ऑफ ट्वेल्व्ह’ म्हणजे १२ वेळा, मग थोडी विश्रांती, असं तीनदा.

• मॉडरेट : जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं ‘मॉडरेट’ व्यायाम सांगते. ओळखायची सोपी खूण : चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. रमतगमत मारलेली शतपावली त्यात बसत नाही. ‘ब्रिस्क वॉक’, म्हणजे झपझप चालणं बसतं.

• स्ट्रेंथ ट्रेनिंग : स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. आठवड्यातून किमान दोन दिवस हवा. डंबेल नसतील तर जोर-बैठका आहेतच.

• स्पॉट रिडक्शन : एकाच जागेची चरबी घटवणं. ‘फक्त पोट कमी करा’ अशा जाहिराती यावरच चालतात. नुसत्या क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यावरची चरबी मात्र सगळ्या शरीराबरोबरच उतरते.

‘फास्टिंग’ म्हणजे उपवास नव्हे

लॅबने ‘फास्टिंग’ सांगितलं की साधारण आठ ते दहा तास पाण्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. चहा नाही, दूध नाही. ‘उपवासच आहे’ म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन गेलात तर रिपोर्ट चुकीचा येईल. ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणजे ठरावीक तासांतच खाणं. १६:८ मध्ये १६ तास पोट रिकामं आणि आठ तासांत जेवण. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, साखर अचानक खूप खाली जाऊ शकते.

बोलताना कसं म्हणाल?

वजन वाढलं : ‘आय हॅव पुट ऑन वेट.’ पाच किलो कमी झालं : ‘आय हॅव लॉस्ट फाइव्ह किलोज.’ डॉक्टरांनी गोड बंद केलंय : ‘आय हॅव कट आउट स्वीट्स.’ गोड कमी केलंय : ‘आय हॅव कट डाउन ऑन स्वीट्स.’ शेवटच्या दोन वाक्यांत ‘आउट’ आणि ‘डाउन’ एवढाच फरक, पण अर्थ बंद आणि कमी इतका वेगळा. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना हा फरक जपा. नाहीतर सरळ मराठीत सांगा.

लक्षात ठेवा : पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागच्या बाजूला. पुढच्या वेळी खरेदी करताना आधी पाकीट उलटं करा. साखर, फॅट आणि सर्व्हिंग साइझ हे तीन आकडे वाचा आणि मगच ते पिशवीत टाका.